दुखण्याची गुणपत्रिका

जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांस गुण देण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांस उतारवयांत स्वतःच्या घरांतील दुखण्याला गुण देण्याचा प्रसंग येईल असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें. परंतु गेल्या चैत्राच्या अखेरीस तो आला, आणि त्या परीक्षेंत आम्ही परीक्षक म्हणून साफ नापास झालों. ती हकीकत सांगितल्यावांचून प्रस्तुत विषयाचें महत्त्व वाचकांच्या ध्यानांत येणार नाहीं, म्हणून ती प्रथम सांगतों.

आमच्या कुटुंबाचा उजवा गुडघा गेलीं सहासात वर्षें दुखत आहे. तेल, शेक, लेप, पट्टा इत्यादि घरगुती उपाय झाले; मधून मधून गोळ्याहि झाल्या. शेवटीं चिरंजीवांच्या आग्रहास्तव आम्ही उभयतां एका अस्थिरोग-रुग्णालयांत गेलों. नांव नोंदविल्यावर, डॉक्टरांची भेट होण्यापूर्वींच, तेथील एका मुलीनें छापील कागद आमच्या हातीं दिले. एकावर गुडघ्याविषयीं बारा प्रश्न होते. दुसऱ्यावर पांच प्रश्न आणि शेजारीं तापमापकाच्या नळीसारखी, शून्यापासून शंभरापर्यंत आंखलेली एक उभी पट्टी. कागद, लेखणी आणि प्रश्न हीं तीन एकत्र दिसलीं कीं आमचा हात आपोआप पुढें होतो. कुटुंबाचा चष्मा पिशवीच्या तळाशीं होता. तो शोधण्याची तसदी आम्हीं तिला दिली नाहीं. पांच मिनिटांत सर्व उत्तरें लिहून, खालीं तारीख घालून, कागद परत केले.

ती मुलगी व्यायामोपचार शिकलेली, वयानें आमच्या सुनेहून लहान. कागदावरून नजर फिरवून ती म्हणाली, "काका, हें काकूंनीं सांगितलं कीं तुम्हीं लिहिलंत?" आम्हीं लिहिलें, असें आम्हीं कांहींशा अभिमानानेंच सांगितलें. तिनें निमूटपणें दुसरे कोरे कागद काढले, कुटुंबास आंतल्या खोलींत नेलें आणि आम्हांस बाहेरच्या बांकावर बसविलें. पाऊण घटकेनें दोन्ही प्रती आमच्यापुढें आल्या. अठ्ठेचाळिसांपैकीं आम्हीं दिलेले गुण होते ३५. तिचे स्वतःचे १९. येथें गुण जितके अधिक तितका गुडघा चांगला, असा हिशेब आहे.

सोळा गुणांची ही तफावत कोठून आली? रात्रीं अंथरुणांत गुडघा दुखतो काय, या प्रश्नापुढें आम्हीं 'कधींच नाहीं' अशी खूण केली होती. आमची झोंप गाढ आहे. ती बहुतेक रात्रीं दोन-अडीचच्या सुमारास उठून, आमची झोंपमोड होऊं नये म्हणून दिवा न लावतां, स्वयंपाकघरांत खुर्चीवर पाय लांब करून बसते, हें आम्हांस चाळीस वर्षांच्या संसारानंतर एका छापील कागदानें सांगितलें. गुडघे टेकून खालीं बसतां व पुन्हां उठतां येतें काय, याला आम्हीं 'थोड्या प्रयासानें' असें लिहिलें होतें. तिचें उत्तर 'अशक्य'. दोन वर्षांपूर्वीं देवघर खालून उचलून उंच फडताळांत मांडण्याची तिची कल्पना आम्हांस फार पसंत पडली होती. धूळ कमी बसते, असें तिनें कारण सांगितलें होतें. घरकामांत अडचण येते काय? आमचें उत्तर 'मुळींच नाहीं'. हें उत्तर एका अर्थानें खरेंच होतें. कारण जीं कामें जमेनाशीं झालीं तीं तिनें एकेक करून सोडून दिलीं होतीं, आणि सोडलेल्या कामाची अडचण कोणास दिसणार?

दुसऱ्या कागदावरचा पांचवा प्रश्न मनाविषयीं होता. तेथें आम्हीं 'चिंता नाहीं' असें लिहिलें होतें. तिनें 'मध्यम' या घरांत खूण केली होती. मागाहून घरीं आल्यावर कसली चिंता म्हणून विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "मी अंथरुणाला खिळलें तर तुमचं कोण करील? तुम्हांला चहा करतां येत नाहीं." यावर आम्ही काय बोलणार?

आमच्यासारखी चूक घरोघर होते, एवढेंच समाधान. रोगी आणि त्याचे निकटचे आप्त यांचीं उत्तरें पडताळून पाहिलीं असतां, चालणें, जिना चढणें, कपडे घालणें अशा डोळ्यांस दिसणाऱ्या गोष्टींत तीं बरींच जुळतात. वेदना आणि मन यांच्या बाबतींत तीं फुटतात, हें या शास्त्रांतील लोकांस पूर्वींच कळून चुकलें आहे. म्हणून ज्यास स्वतः उत्तर देणें शक्यच नाहीं, उदाहरणार्थ ज्याची स्मृति गेली आहे, त्याच्याकरितां नातलगांनीं भरावयाची प्रत निराळी केलेली असते. बाकी सर्वांनीं आपापली लेखणी आपण धरावी.

आतां हीं प्रश्नपत्रें निघालीं कशासाठीं, तें पाहूं. वैद्यकाचें जुनें माप म्हणजे किती रोगी दगावले आणि किती वांचले. पटकी, देवी, प्लेग यांच्या काळांत तें पुरेसें होतें. परंतु गुडघा, कंबर, मान, खांदा यांनीं माणूस मरत नाहीं; मृत्यूच्या नोंदवहींत गुडघ्याचें नांव सांपडावयाचें नाहीं. आणि तरीहि २०२० सालीं जगांत सुमारें ६१ कोटि ९० लक्ष लोक कंबरदुखीनें व सुमारें ५९ कोटि ५० लक्ष लोक सांध्यांच्या झिजेनें पीडलेले होते, असा अंदाज आहे. माणसाचीं जीं वर्षें मरणानें नव्हे तर पंगुत्वानें वायां जातात, त्यांच्या यादींत कंबरदुखीचा क्रम पहिला लागतो. आपल्याकडेहि स्थिति निराळी नाहीं. पुणें जिल्ह्यांतील भिगवण येथें १९९६ सालीं, जागतिक आरोग्य संघटनेच्या एका योजनेस अनुसरून, डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनीं घरोघर जाऊन पाहाणी केली. तेव्हां प्रौढांपैकीं शेंकडा सुमारें १८ जणांस सांध्यांचें वा स्नायूंचें कांहीं ना कांहीं दुखणें असल्याचें आढळलें. शेतांत राबणाऱ्यांस हीं दुखणीं होत नाहींत, तीं बैठ्या लोकांचीं, असा जो आपल्या वर्गांत एक समज आहे, त्यानें भिगवणास एकवार जाऊन यावें.

बरें, दुखणें मोजावयाचें तर यंत्रानें कां मोजूं नये? क्ष-किरणांचें चित्र आहे, चुंबकीय चित्र आहे. केलग्रेन आणि लॉरेन्स या इंग्लंडांतील दोघां डॉक्टरांनीं १९५७ सालीं सांध्याच्या झिजेच्या शून्यापासून चारपर्यंत प्रती ठरवून दिल्या. आजहि त्याच चालतात. आमच्या कुटुंबाच्या गुडघ्याला तिसरी प्रत मिळाली. परंतु चित्रांतील झीज आणि माणसाला होणारी वेदना यांची गांठ फार सैल आहे. चौथ्या प्रतीचा गुडघा घेऊन पर्वती चढणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत, आणि पहिल्या प्रतीच्या गुडघ्यानें हैराण झालेलेहि. कण्याची गोष्ट तर याहून विलक्षण. ज्यांस पाठदुखी मुळींच नव्हती अशा ९८ माणसांच्या कण्याचीं चुंबकीय चित्रें काढून पाहिल्याचा वृत्तांत अमेरिकेंत १९९४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांपैकीं शेंकडा ३६ जणांच्याच मणक्यांतील गाद्या सर्वत्र निर्दोष निघाल्या. बाकीच्यांच्या गाद्या कोठें ना कोठें फुगलेल्या किंवा सरकलेल्या, आणि माणसें सुखानें हिंडत होतीं! यांतील एखाद्यास दुसऱ्या दिवशीं उसण भरली असती व त्यानें चित्र काढून घेतलें असतें, तर त्या बिचाऱ्या गादीवर सारा आळ आला असता.

आपल्या प्राचीन वैद्यांनीं रोगी तपासण्याचीं तीन साधनें सांगितलीं आहेत: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. यांपैकीं दर्शन आतां यंत्राकडे गेलें, स्पर्शन घाईंत उरकतें. तिसरें साधन, प्रश्न, हें मात्र या छापील कागदांच्या रूपानें नव्यानें रुग्णालयांत शिरलें आहे, असें आम्हांस वाटतें. सुश्रुतानेंहि स्वस्थ माणसाचें लक्षण सांगतांना शरीरांतील दोष व धातु यांच्या समतेवर न थांबतां आत्मा, इंद्रियें आणि मन यांच्या प्रसन्नतेचा त्यांत समावेश केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ सालीं अमलांत आलेल्या घटनेंत शरीर, मन व समाजजीवन या तिहींचें स्वास्थ्य म्हणजे आरोग्य, असें म्हटलें आहे. दोहोंचा आशय जवळचा आहे. अडचण एवढीच, कीं प्रसन्नता मोजावी कशी?

या कामीं पूर्वसूरि म्हणून बॉस्टन शहरचा शस्त्रवैद्य अर्नेस्ट कॉडमन (१८६९–१९४०) याचें नांव घेतलें पाहिजे. हा खांद्याच्या विकारांचा मोठा जाणकार. रोगी शस्त्रक्रियेनंतर पायांनीं चालत घरीं गेला म्हणजे काम संपलें, हें त्यास मान्य नव्हतें. वर्षभरानें त्यास पुन्हां गांठावें, त्याचें अखेर काय झालें तें पाहावें, आणि तें लपवूं नये, असा त्याचा हट्ट. १९११ सालीं त्यानें स्वतःचें लहानसें रुग्णालय काढलें; १९१६ पर्यंत तेथून गेलेल्या ३३७ रोग्यांचा वृत्तांत छापला; आणि त्यांत १२३ चुका झाल्याचें आपण होऊन नमूद केलें. अशा माणसावर व्यवसायबंधूंचा लोभ राहणें कठिणच. पण कॉडमनच्या पद्धतींतहि निकाल सांगणारा डॉक्टरच होता. रोग्यानें स्वतः निकाल लिहावा, ही गोष्ट रूढ व्हावयास पुढें साठएक वर्षें लागलीं.

१९८० सालीं इंग्लंडांतील ऑस्वेस्ट्री या लहानशा गांवच्या अस्थिरोग-रुग्णालयांतून कंबरदुखीचें एक प्रश्नपत्र निघालें. त्यांत दहा कलमें: वेदना, स्वतःचें आवरणें, ओझें उचलणें, चालणें, बसणें, उभें राहणें, झोंप, प्रवास इत्यादि. त्यांतील एक कलम आपल्या घरांतून बहुधा कोरेंच ठेवलें जाईल; तें कोणतें हें प्रौढ वाचकांस सांगावयास नको, आणि तें कोरें राहिलें तरी हिशेब करण्याची तजवीज केलेली आहे. पुढें १९८३ सालीं रोलंड व मॉरिस या दोघांनीं कंबरदुखीसाठींच चोवीस साध्या वाक्यांचें पत्र केलें. आज जें वाक्य आपणांस लागू पडतें त्यापुढें खूण करावयाची, बस्स. गुडघा आणि खुबा यांच्या झिजेसाठीं कॅनडांत वोमॅक या नांवाचें चोवीस प्रश्नांचें पत्र सिद्ध झालें. त्यांत पांच प्रश्न वेदनेचे, दोन आखडलेपणाचे आणि सतरा रोजच्या हालचालींचे. आमच्या हातीं पडलेलें बारा प्रश्नांचें पत्र ऑक्सफर्ड येथील, १९९८ सालचें. आणि २०१६ सालीं इंग्लंडांतच हाडें, सांधे व स्नायू यांच्या कोणत्याहि दुखण्यास लागू पडेल असें चौदा प्रश्नांचें एक पत्र तयार झालें. त्यांत झोंप, थकवा व मन यांच्या बरोबरीनें, आपल्या दुखण्याची आपणांस कितपत समज आहे, हाहि प्रश्न घातलेला आहे. तो आम्हांस फार आवडला.

पांच प्रश्नांच्या दुसऱ्या कागदाची जात निराळी. त्याचें नांव ईक्यू-५डी. युरोपांतील कांहीं देशांच्या संशोधकांनीं १९८७ सालीं एक मंडळ स्थापिलें, त्यांचें हें अपत्य. हिंडणेंफिरणें, स्वतःचें आवरणें, नित्याचे व्यवहार, वेदना किंवा अस्वस्थता, आणि चिंता किंवा खिन्नता हे त्याचे पांच विषय. मूळच्या पत्रांत प्रत्येकीं तीन पायऱ्या होत्या, पुढें पांच झाल्या. पांच विषय व प्रत्येकीं पांच पायऱ्या, म्हणजे माणसाच्या प्रकृतीचीं ३१२५ रूपें संभवतात. गणिताची आवड असलेल्या नातवंडांस हा हिशेब घालून पाहावा. गुडघ्याचें पत्र गुडघ्यापुरतें बोलतें. या पत्रानें मात्र गुडघेदुखी, दमा आणि मधुमेह हीं एकाच तागडींत घालतां येतात, आणि सरकारी द्रव्य कोणत्या उपचारावर खर्च करावें याचा विचार करणारांस तें हवें असतें.

परंतु तागडींत घालावयाचें तर वजन हवें. तें काढण्याची रीत मोठी नवलाची आहे. माणसास विचारतात: अशा अशा दुखण्यांत दहा वर्षें जगणें, कीं पूर्ण निरोगी स्थितींत त्याहून कमी वर्षें जगणें, यांतील काय पत्कराल? किती वर्षें सोडावयास माणूस राजी होतो यावरून त्या दुखण्याची किंमत ठरते. निरोगी स्थितीला एक, मरणाला शून्य, आणि लोकांच्या मतें मरणाहून वाईट अशा ज्या अवस्था, त्यांना शून्याच्या खालचा अंक. भारतीयांची अशी वजनें पूर्वीं नव्हतीं. चंडीगड येथील संशोधकांनीं पांच राज्यांतील ३५४८ लोकांस असे प्रश्न विचारून तीं काढलीं, व २०२२ सालीं प्रसिद्ध केलीं. आम्हीं हाच प्रश्न घरीं घालून पाहिला. उत्तर आलें, "वर्षं द्यायचीं म्हणतां, तीं घेणार कोण?" शास्त्रज्ञांस असें उत्तर देणारेहि भेटत असतील, त्यांचें ते काय करतात नकळे.

भाषांतराचा प्रश्न याहून अवघड, आणि तो आमच्या जिव्हाळ्याचा. १९८० सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड येथें संधिवाताच्या रोग्यांसाठीं जें प्रसिद्ध पत्र निघालें, त्यांत ताटांतलें मांस सुरीनें कापतां येतें काय, टबांत उतरून स्नान करतां येतें काय, मोटारीचें दार उघडतां येतें काय, असे प्रश्न आहेत. आमच्या वाचकांच्या घरीं पहिला प्रश्न घातला तर सारे निरोगी ठरावयाचे कीं सारे पंगु, हें सांगणें कठिण! ऑक्सफर्डच्या पत्रांतहि जेवणानंतर टेबलाजवळच्या खुर्चीवरून उठतांना काय होतें, असें विचारलेलें आहे. पाटावरून उठणारानें काय लिहावें? आपली राहणी म्हणजे मांडी घालून बसणें, उकिडवें बसणें, नमस्कारासाठीं वांकणें. पुण्याच्या संधिवात-केंद्रांत डॉ. चोप्रा यांनीं वोमॅक व स्टॅनफर्डचें पत्र यांत भारतीय राहणीस जुळते असे फेरफार केले, ते यासाठींच. एका भाषेंतून दुसरींत आणलेलें पत्र पुन्हां मूळ भाषेंत उलटून पाहावें, अर्थ ढळला तर दुरुस्त करावें, मग कांहीं रोग्यांस वाचावयास देऊन त्यांस काय समजलें तें विचारावें, अशी यांत शिस्त आहे. मराठींत तर दुखण्याला किती नांवें! ठणका, कळ, चमक, सणक, रग, ओढ, भगभग. सांधा आखडतो, अवघडतो, धरतो. पायाला मुंग्या येतात. या सर्वांवर 'वेदना' हा एकच संस्कृत शब्द अंथरला कीं खेड्यांतील म्हातारी म्हणते, "वेदना नाय बा, निसती रग लागतीया." तसाच 'उदासीन' हा शब्द. मराठींत तो खिन्नाला लावतात. पण गीतेच्या बाराव्या अध्यायांत उदासीन असणें हें भगवंताच्या प्रिय भक्ताचें लक्षण आहे. एखाद्या वृद्ध शास्त्रीबोवांस 'आपण अत्यंत उदासीन आहां काय' असें विचारलें, तर ते विनयानें 'अजून तितका नाहीं' म्हणतील.

गुणांविषयीं आमच्या धंद्याच्या अनुभवानें दोन शब्द. एक तर हे गुण शेजाऱ्याच्या गुणांशीं ताडून पाहावयाचे नाहींत. शेजारच्या काकूंस २८ आणि आमच्या घरीं १९, यावरून कोणाचें दुखणें मोठें हें ठरत नाहीं. ताडावयाचे ते स्वतःच्याच मागील गुणांशीं. दुसरें, एकदोन गुणांच्या चढउतारानें हुरळूं नये वा खचूं नये. ऑक्सफर्डच्या पत्रांत चारेक गुणांचा फरक नुसत्या मोजणींतील हेलकाव्यानेंहि पडूं शकतो. किती फरक पडला म्हणजे तो रोग्यास स्वतःस जाणवण्याजोगा आणि मोलाचा, याचाहि अभ्यास कॅनडांतील मॅकमास्टर विद्यापीठांतील लोकांनीं १९८९ सालापासून चालविला. शाळेंत पस्तीस आणि सदतीस यांत आम्हीं मुलांचीं वर्षें वायां घालविलीं. असा अभ्यास कोणी आमच्यासाठीं केला असता तर बरें झालें असतें.

पत्र भरतांना त्यांतील काळ नीट वाचावा. ऑक्सफर्डचें पत्र गेल्या चार आठवड्यांविषयीं विचारतें. ईक्यू-५डी आजच्या दिवसाविषयीं. रुग्णालयांत जावयाचें म्हणून आदल्या दिवशीं विश्रांति घेतली असेल तर दोन्हींचीं उत्तरें निराळीं येणें स्वाभाविक आहे. ज्यास वाचतां येत नाहीं त्यास प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवावा, "तसं कांहीं फार दुखत नाहीं ना ग तुला?" अशा स्वरूपांत वाचूं नये. जें काम सोडून दिलें असेल तें 'अडचण नाहीं' या घरांत घालूं नये. आणि भरलेल्या पत्राची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. पुढच्या खेपेस मागचे गुण रुग्णालयांत सांपडतीलच असें नाहीं.

या अंकांचा दुरुपयोगहि होतो. इंग्लंडांत एप्रिल २००९ पासून सरकारी खर्चानें खुबा किंवा गुडघा बदलून घेणाऱ्यांकडून शस्त्रक्रियेपूर्वीं व नंतर अशीं पत्रें भरून घेण्याचा प्रघात पडला. त्यावरून खुब्याच्या रोग्यांस गुडघ्याच्या रोग्यांपेक्षां अधिक गुण येतो असें दिसून आलें. इथपर्यंत ठीक. परंतु कांहीं ठिकाणीं ठराविक अंकाच्या वर गुण असले तर शस्त्रक्रियेसाठीं पाठवावयाचेंच नाहीं, असा दाराशीं पहारा बसूं लागला. तेव्हां तेथील राष्ट्रीय संस्थेस २०१४ च्या मार्गदर्शिकेंत, अशा अंकांवरून क्रम लावूं नये, रोगी व डॉक्टर यांच्या विचारविनिमयावर भर द्यावा, असें बजावावें लागलें. गुणपत्रिकेवरून मुलाला वर्गाबाहेर काढणारे आमच्या व्यवसायांतहि थोडे नव्हते.

आतां आमच्या घरची राहिलेली हकीकत. पहिल्या भेटींत डॉक्टरांनीं शस्त्रक्रियेची घाई केली नाहीं. मांडीच्या पुढच्या स्नायूंस बळ देणारे व्यायाम, सपाटीवर रोज ठराविक चालणें आणि वजन थोडें उतरविणें, हें तीन महिने करून पुन्हां यावें असें ठरलें. श्रावणाच्या आरंभीं आम्ही पुन्हां गेलों. या खेपेस चष्मा पिशवींत वरच होता. ती आंत एकटी बसून लिहीत होती आणि आम्ही बाहेर भिंतीवरील सांगाड्याचें चित्र पाहात होतों.

गुण आले २४. पांच गुणांची वाढ. मोजणीच्या हेलकाव्याहून किंचित् अधिक, फार नव्हे. परंतु बेरजेपेक्षां आंत पाहावें ही सवय आम्हांस उपयोगी पडली. रात्रीच्या प्रश्नांत दोन गुण वाढले होते, चालण्यांत एक, जिना उतरण्यांत एक, आणि घरकामांत एक. गुडघे टेकण्याच्या प्रश्नांत पूर्वींचा शून्य तसाच. सर्व विषयांत वर सरकलेला आणि नेमका ज्या विषयाची त्याला आवड त्यांतच अडलेला मुलगा आम्हीं पुष्कळ पाहिला आहे.

तिनें डॉक्टरांस सरळ विचारलें, "गुडघा बदलला तर मला देवापुढें पाटावर बसतां येईल का?" डॉक्टर गृहस्थ प्रामाणिक. ते म्हणाले, "काकू, तेवढ्यासाठीं शस्त्रक्रिया करूं नका. नवा गुडघा वेदना घालवतो, चालणं सुधारतो. पण खालीं बसणं आणि गुडघे टेकणं पुष्कळांना नंतरहि जमत नाहीं, आणि आम्हीहि तें टाळायला सांगतों." गुडघा बदलून घेतलेल्यांपैकीं सुमारें पांचांत एक जण निकालानें पुरता समाधानी नसतो, हेंहि त्यांनीं आपण होऊन सांगितलें. ज्याला जें हवें होतें तें या शस्त्रक्रियेच्या पदरांत मुळीं नव्हतेंच, असे लोक त्या पांचव्या हिश्श्यांत पुष्कळ असतील असा आमचा तर्क आहे.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "झोंप आतां लागते. कार्तिकापर्यंत असंच चालूं द्या." आमचा अभिप्राय कोणी विचारला नाहीं, व आम्हींहि तो दिला नाहीं. निघतांना त्या मुलीनें तिला पुढच्या खेपेचा कोरा कागद दिला. तो तिनें घडी करून चष्म्याच्या घरांत ठेवला आहे.